राघो सावंत, बसरा: थाळीवरच्या एका नावावरून पणजोबांपर्यंत

प्रकरण असं. नायगावच्या बीडीडी चाळीतलं एक कुटुंब पुनर्विकासासाठी खोली रिकामी करत होतं. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या भाडेपावत्यांच्या गठ्ठ्याखाली एक जड, गोल थाळी निघाली. व्यास बारा सेंटिमीटर, रंग काळपट. वर त्रिशूळ आणि पानांचं कडं धरलेली स्त्री, तिच्यापुढे सिंह, आणि एका चौकटीत उठावाच्या इंग्रजी अक्षरांत नाव: राघो सावंत. घरात तोंडी माहिती एवढीच की पणजोबा जर्मनच्या लढाईत गेले, बोट बुडाली, परत आले नाहीत. आजोबा बाबाजी राघो सावंत गिरणीत कामाला होते. बाप गेला तेव्हा ते इतके लहान होते की त्यांनाही सांगण्यासारखं काही आठवत नव्हतं.

प्रश्न तीन होते. थाळीवरचा राघो आपलाच का? तो कोणत्या पलटणीत होता? आणि गेला कुठे, कसा? (माणसांची नावं, तारखा आणि नोंदींतला मजकूर इथे नमुन्यादाखल घेतला आहे. कागदांचे प्रकार, त्यांतले रकाने आणि ते मिळवायची पद्धत जशी आहे तशीच दिली आहे.)

अशा शोधात लोक पहिली धाव काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात घेतात आणि आठवडाभरात कंटाळून परततात. चूक त्या दफ्तराची नसते. १८२१ साली स्थापन झालेलं ते दफ्तर मुंबई सरकारच्या खात्यांचं आहे; तिथे खलिते, ठराव, अहवाल आहेत. साध्या शिपायाचं नाव खात्याच्या पत्रव्यवहारात यायचं कारणच नव्हतं. इंग्रज सरकारने सामान्य माणसाचं नाव लिहिलं ते पैसा जिथे हलला तिथे: सारा कोण भरणार, पेन्शन कोणाला द्यायचं, खोलीचं भाडं कोणाच्या नावावर. म्हणून शोधही त्याच वाटेने, घरापासून मागे मागे न्यायचा. जनगणनेची आशा तर सोडूनच द्यावी. विलायतेत शंभर वर्षांपूर्वीची घरटी नोंद नावानिशी मिळते; आपल्याकडे आकडे छापले गेले, नावांचे तक्ते उरले नाहीत.

थाळी काय सांगते आणि काय सांगत नाही

ही थाळी पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्यांच्या वारसांना सरकारने पाठवली. साडेतेरा लाखांच्या आसपास थाळ्या ओतल्या गेल्या. धातू कांस्य आहे, पितळ नव्हे. तिच्यावर हुद्दा, पलटण, नंबर काही नसतं आणि ते मुद्दामच: मेलेल्यांत लहानमोठा भेद नको म्हणून. बरोबर एक छापील सनद येत असे, तिच्यावर मात्र हुद्दा आणि पलटण लिहिलेली असे. कोकणातल्या घरात कागदाचं वाळवीपुढे काय होतं ते वेगळं सांगायला नको. या घरातही सनद नव्हती.

सिंहाच्या मागच्या पायाजवळ कधीकधी एक बारीक आकडा असतो. तो शिपायाचा नंबर समजून लोक महिनोन्महिने चुकीच्या यादीत शोधत बसतात. तो कारखान्यातला आकडा आहे, माणसाशी त्याचा संबंध नाही. दुसरी चूक घासण्याची. थाळी सापडली की पहिल्या उत्साहात पितांबरी किंवा चिंच लावून ती लख्ख केली जाते. त्यात उठावाच्या अक्षरांच्या कडा झिजतात आणि शंभर वर्षांत चढलेला रंग जातो तो जातोच. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसावी, अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरावा आणि फोटो काढावा. सावलीत अक्षर न् अक्षर उठून दिसतं.

पेटीत पदक असतं तर अर्धं काम तिथेच झालं असतं. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं असेल तर त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. तेच पदक कांस्याचं असेल तर तो माणूस बहुधा लढाऊ शिपाई नसून हमाल, मजूर तुकडी किंवा फौजेबरोबरच्या नोकरवर्गात होता. पदकं चांदीच्या भावाने गेली, थाळी कोणी घेतली नाही म्हणून उरली, असं बऱ्याच घरांत झालेलं आहे. कोणी पदक विकत घेऊन घरात परत आणायचं म्हणत असेल तर आधी कडेवरचा नंबर आपल्या माणसाचा आहे याची खात्री करावी. एकाच नावाचे शिपाई एकाच पलटणीतही असत.

एका नावाचे तिघे

मेलेल्या सैनिकांची यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. तिथे आडनावाच्या चौकटीत ‘सावंत’ टाकून शोधलं की राघो सापडत नाही आणि माणूस निराश होतो. कारण असं की हिंदी, म्हणजे भारतीय, शिपायाचं अख्खं नाव बहुधा आडनाव म्हणूनच चढवलेलं आहे. राघो सावंत शोधायचा तर ‘राघो’नेच सुरुवात करायची. शिवाय स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून: राघो, रघू, रागो, राघोबा, राघोजी. आडनावांत जाधवचं जाधाव, पवारचं पोवार, शिंदेचं शिंदिया सर्रास. म्हणून पूर्ण नाव न टाकता पहिली तीन-चार अक्षरं टाकावीत, सैन्य ‘इंडियन आर्मी’, युद्ध ‘पहिलं’ एवढीच गाळणी लावावी आणि आलेली यादी उतरवून घेऊन एक्सेलमध्ये डोळ्यांनी चाळावी. जादा माहितीच्या चौकटीत तालुक्याचं नाव टाकूनही शोधता येतं. देवगड आणि मालवण दोन्हींची तीन-तीन स्पेलिंगं करून पाहावीत.

या प्रकरणात तिघे उरले. तिघांचीही नोंद इराकमधल्या बसरा स्मारकाखाली:

पहिला, ११७ मराठा पलटण, बाप बाबाजी, गाव खारेपाटणच्या आसपासचं, देवगड, रत्नागिरी. दुसरा, ११० मराठा लाइट इन्फंट्री, बाप विठोजी, मालवण तालुका. तिसरा, १०५ मराठा लाइट इन्फंट्री. बापाचं नाव नाही, गाव नाही.

घरच्यांनी लगेच पहिल्यावर बोट ठेवलं. आजोबांचं नाव बाबाजी, थोरल्या नातवाला आजाचं नाव ठेवायची रीत, म्हणजे राघोचा बापही बाबाजीच असणार. अंदाज चांगला आहे, पण तो पुरावा नव्हे. याच रीतीमुळे वंशावळीत सर्वांत जास्त घोळ होतात: बाबाजीचा राघो, राघोचा बाबाजी, बाबाजीचा पुन्हा राघो, आणि कागदावर दोन पिढ्यांचा एक माणूस होऊन बसतो. प्रत्येक नोंदीत नावाबरोबर बापाचं नाव आणि साल, तिन्ही असल्याशिवाय ती नोंद कोणाच्या खात्यावर टाकू नये.

‘बोट बुडाली’ ही गोष्टही इथेच तपासली. मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचं स्मारक आहे. पण ते आरमार आणि व्यापारी जहाजांवरच्या माणसांचं. भारतातच वारलेल्या, लष्करी छावणीच्या वा नागरी दफनभूमीत पुरलेल्या सैनिकांची नावं पुण्याला खडकीच्या स्मारकावर आहेत. राघो दोन्हीकडे नव्हता. कोकणातल्या घरांत बोट बुडण्याची आठवण अनेकदा दुसरीकडून आलेली असते. १९२७ साली जयंती आणि तुकाराम, १९४७ साली रामदास, या बोटींनी इतकी कुटुंबं उद्ध्वस्त केली की ‘परत आला नाही’ म्हटलं की पुढच्या पिढीच्या तोंडी आपोआप ‘बोट बुडाली’ येतं. तोंडी गोष्ट फेकून द्यायची नाही, लिहून ठेवायची; कोणाकडून ऐकली तेही लिहायचं. पण तिच्यावर इमारत उभी करायची नाही.

अधूनमधून कोणीतरी लाहोरच्या संग्रहालयात सापडलेल्या रजिस्टरांची बातमी पाठवतं. त्यांत सव्वातीन लाखांच्या आसपास सैनिकांच्या नोंदी आहेत खऱ्या, पण त्या तेव्हाच्या पंजाबातल्या गावांच्या आहेत. मराठी घराला त्यांचा उपयोग नाही. इंडियन आर्मी लिस्ट नावाची छापील पुस्तकंही आहेत; त्यांत पूर्वज जमादार, सुभेदार किंवा त्यावरचा असेल तर नाव मिळतं. शिपाई, नाईक, हवालदार त्यांत नाहीत.

मुंबईतला कागद

आता उलट्या टोकाने. राघोचा मुलगा बाबाजी मुंबईला कधी, कोणाबरोबर आणि कोणत्या गावाहून आला हे कागदावर दाखवायचं होतं. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाकडे अर्ज केलेल्या कुटुंबांकडे एक फाईल असते. या घरातही होती. तिच्यात आजोबांची प्रॉव्हिडंट फंडाची पावती, गिरणीच्या तिकिटाचा नंबर आणि एक जुनं रेशनकार्ड मिळालं. गावाचं नाव कुठेच नाही. ‘मूळ गाव’ विचारायची गरज गिरणीला नव्हती.

गाव मिळालं शाळेत. म्युनिसिपल शाळांचं जनरल रजिस्टर हा मुंबईतल्या गिरणगावाच्या वंशशोधातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत कामाचा कागद आहे. रकाने असे: अनुक्रमांक, मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख आणि इयत्ता, सोडल्याची तारीख आणि कारण. शाळा बंद झाली असेल तर रजिस्टरं ज्या शाळेत विलीन झाली तिथे जातात. कोणत्या शाळेत, ते महापालिकेच्या शिक्षण खात्याच्या विभागीय कार्यालयात कळतं. मुख्याध्यापकांना नुसतं ‘आजोबांचं नाव शोधा’ म्हटलं तर ते हात वर करतात आणि त्यांचं बरोबर आहे. पाच वर्षांचा पट्टा, मुलाचं आणि बापाचं नाव, आणि त्या वेळच्या खोलीचा पत्ता लिहून अर्ज द्यावा. पत्ता भाडेपावतीवरून मिळतो. या घराने पावत्या टाकून दिल्या नव्हत्या हे नशीब.

बाबाजीची नोंद अशी होती: बापाचं नाव राघो बाबाजी, जन्मस्थळ खारेपाटणजवळचं गाव, तालुका देवगड, जन्म १ जून १९१२. बापाच्या नावाच्या वर बारीक अक्षरांत ‘मयत’, आणि समासात दुसऱ्या शाईने लिहिलेलं: पालक, मामा, आडनाव राणे.

१ जून ही तारीख खरी धरायची नाही. शाळेत घालताना मास्तरांनी टाकलेली ती तारीख महाराष्ट्रात हजारो लोकांची आहे. साल एक-दोन वर्षं मागेपुढे असू शकतं. पण ‘मयत’ आणि ‘मामा’ हे दोन शब्द सोन्याचे होते. बाप नाही, चुलत्याऐवजी मामाने मुंबईला आणलं, म्हणजे राघोची बायको माहेरच्या आधाराने राहिली. पुढे तिचा माग काढायला हीच कडी लागली.

गावचं दफ्तर

इथे आधी नकाशा नीट लावावा लागतो. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधीचा प्रत्येक कागद रत्नागिरीचा. खारेपाटण आज कणकवली तालुक्यात आहे, पण १८८०च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये कणकवली नावाचा तालुकाच नाही आणि खारेपाटण देवगडात आहे. कुडाळ-सावंतवाडीकडचं गाव असेल तर ते १९४८ पर्यंत संस्थानात होतं, त्याचं दफ्तर वेगळं. म्हणून ‘देवगड’ वाचून देवगडच्या तहसील कचेरीत जाण्याआधी आजचा तालुका पाहावा. महसुली कागद गावाबरोबर नव्या तालुक्याला गेलेले असतात, काही मात्र जुन्या ठिकाणीच राहतात. दोन्हीकडे विचारावं.

मागायचं काय? सातबारा नव्हे. आजच्या सातबाऱ्यावर शंभर वर्षांपूर्वीचा माणूस दिसत नाही आणि तो मागितला की गावातले भाऊबंद सावध होतात: मुंबईवाले वाटणी मागायला आले. ही भीती खोटी आहे असंही म्हणता येत नाही, कारण अनेक जण त्यासाठीच येतात. या कुटुंबाने थाळीचा फोटो घेऊन आधी चुलत घरात सांगितलं, मग कचेरीत अर्ज दिला. त्यामुळे एका म्हाताऱ्या चुलत्याने आपणहून तीन पिढ्यांची नावं सांगितली आणि ‘राघो पलटणीत होता’ हेही. मागायचा तो जुना फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ ची नोंदवही, साधारण १९१५ ते १९२५. तिच्याबरोबर क, ड, ई पत्रक, म्हणजे जमिनीच्या हक्कांचे जुने तक्ते, आणि जन्ममृत्यूची नोंदवही, जिला गावात कोतवाल बुक म्हणतात. काही गावांचे कागद ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले मिळतात. तिथे आधी पाहिलं तर फेरी वाचते. नाहीतर अभिलेख कक्षात नक्कल अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प आणि धीर. कारकून ‘जीर्ण आहे, देता येत नाही’ म्हणाला तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून नकलेऐवजी प्रत्यक्ष पाहणी मागावी. कायद्यात पाहणीही माहितीतच येते.

गाव खोती असेल तर आणखी एक अडचण. जमीन खोताच्या नावावर आणि आपला माणूस कूळ, तर खातेदारांच्या यादीत त्याचं नाव नसणारच. १८८०च्या खोती कायद्यानंतरच्या पाहणीतली बोटखतं अशा वेळी पाहावीत. त्यांत कुळांची नावं येतात. खोती गेली ती १९४९च्या कायद्याने, त्यानंतर कुळांची नावं सरळ हक्कनोंदीत दिसू लागतात. सुदैवाने राघोच्या बापाच्या नावावर थोडी धारेकरी, म्हणजे स्वतःच्या नावाने सारा भरायची, जमीन होती, म्हणून फेरफार झाला.

फेरफार मोडीत होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे गावचे बरेच कागद मोडीत निघतात. मोडीत ओळीची शिरोरेघ आधी ओढून त्याखाली अक्षरं लावत जातात, शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. मोडी वाचकाला लिप्यंतर करायला देताना आपल्याला हवं असलेलं नाव आधी सांगू नये. सांगितलं की ते वाचलं जातं. नोंदीचं पान, त्याच्या आधीचं आणि नंतरचं अशी तीन पानं द्यावीत, म्हणजे त्या लेखकाचं वळण कळतं. लिप्यंतर असं आलं:

‘मयत राघो बिन बाबाजी सावंत हा लढाईवर मयत जाहला सबब वारस मुलगा बाबाजी राघो अज्ञान अ. पा. क. आई सखू कोम राघो यांचे नांव दाखल.’

एका ओळीत चार माणसं आणि तीन नाती. ‘बिन’ म्हणजे मुलगा, ‘कोम’ म्हणजे बायको, ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वयात न आलेल्या वारसाचा पालक. राघोचा बाप बाबाजी, बायको सखू, मुलगा बाबाजी अज्ञान, आणि मृत्यू लढाईवर. नोंदीचं साल शके १८४०, म्हणजे १९१८-१९. शकात ७८ मिळवायचे. फसली साल असेल तर ५९०, आणि ते पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू होतं, त्यामुळे एका वर्षाचा फरक धरावा. ही तारीख मृत्यूची नव्हे, नोंदीची आहे हे विसरू नये. बातमी यायला, सारा कोणाकडून घ्यायचा असा प्रश्न उठायला आणि तलाठ्याने लिहायला दोन-तीन वर्षं सहज जातात. नोंदीखाली मंजुरीची तारीख असते, ती त्याहूनही पुढची.

नंतरच्या एका नोंदीत याच खात्यावर राघोच्या भावाचं नाव ‘ए. कु. पु.’, म्हणजे एकत्र कुटुंब पुढारी म्हणून लागलं आणि मुलगा बाबाजी कागदावरून नाहीसा झाला. तो तोवर मुंबईत होता. गावाला विचारलं तर ‘राघोला मूलबाळ नव्हतं’ असं उत्तर मिळण्याचं कारण हेच. आजच्या सातबाऱ्यावरून तसंच दिसतं.

सखू

वारसाला पेन्शन मिळत असे आणि ते मामलेदार कचेरीच्या तिजोरीतून दिलं जाई. तो कागद घरात उरला असेल तर पलटण आणि नंबर दोन्ही मिळतात. इथे उरला नव्हता. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहायला हरकत नाही, पण नाव, बाप, गाव, पलटण एवढं हातात असतानाच लिहावं. ‘आमचे पणजोबा फौजेत होते’ एवढ्याच पत्राला कोणी काय उत्तर देणार? नंबर असेल तर पलटणीशिवाय तो निरुपयोगी, कारण प्रत्येक पलटणीची नंबरमालिका स्वतंत्र होती.

सखू मुंबईत वारली. महापालिकेच्या मृत्यू नोंदीसाठी वर्ष नक्की नसेल तर वर्षांचा पट्टा देऊन शोध अर्ज करावा लागतो आणि पत्ता ज्या विभागात, त्याच विभाग कार्यालयात. मिळालेल्या दाखल्यात नवऱ्याचं नाव होतं, माहेर नव्हतं. माहेर मिळालं नाशिकला. आईच्या अस्थी घेऊन बाबाजी रामकुंडावर गेले होते एवढं घरात माहीत होतं. तीर्थोपाध्यायांकडे प्रांत, जात आणि गाव यांनुसार यजमान वाटलेले असतात. रामकुंडाच्या परिसरात ‘रत्नागिरी जिल्हा, देवगडकडचे सावंत कोणाकडे’ असं विचारत गेलं की योग्य घर सापडतं. गुरुजी वहीत आलेल्याचं नाव, बाप, आजा, भाऊ, मुलं लिहून घेतात आणि आलेल्याची सही किंवा अंगठा. हीही शेवटी पैशाचीच नोंद, पुढच्या पिढीची दक्षिणा कोणी द्यायची याची. म्हणून ती इतकी काटेकोर. वहीत बाबाजी राघो बाबाजी, आई सखू, मातुल राणे असं निघालं आणि राणेंचं गावही. शाळेच्या रजिस्टरातला मामा आणि वहीतला मातुल एकच ठरला. दक्षिणा आधी द्यावी, फोटोची परवानगी मागावी, आणि सध्याच्या पिढीची नावं चढवल्याशिवाय उठू नये.

११७ मराठा

आता तिघांतला एक निवडता येतो. बाप बाबाजी, गाव तेच, तालुका देवगड, मृत्यू लढाईवर: पहिला, ११७ पलटणीचा. दुसऱ्याचा बाप आणि तालुका वेगळा, तो बाद. तिसऱ्याची माहितीच नाही, म्हणून तो त्याच्या कागदावरून बाद होत नाही. पण पहिल्यावर चार गोष्टी जुळत असताना त्याला धरून बसायचं कारण उरत नाही. गावात त्याच वेळी दुसरा राघो बिन बाबाजी नव्हता ना, हे कोतवाल बुकात आणि खातेदारांच्या यादीत पाहून घेतलं. ही पायरी बहुतेक जण गाळतात. एका आडनावाच्या गावात ती गाळून चालत नाही.

११७ मराठा ही पलटण १९१४च्या ऑक्टोबरात सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनबरोबर मुंबईहून निघाली आणि नोव्हेंबरात आजच्या इराकमध्ये, शत-अल-अरब नदीच्या मुखाशी फाव येथे तुर्कांशी लढायला उतरली. १९१५च्या नोव्हेंबरात टेसिफोनची लढाई झाली, फौज मागे हटली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा या गावात तुर्कांकडून वेढली गेली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. अन्न संपत आलं तेव्हा घोड्याचं मांस खायला बरेच हिंदी शिपाई तयार नव्हते आणि त्यांची प्रकृती लवकर ढासळली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली आणि त्यांना वाळवंटातून वर चालवत नेलं. हिंदी कैद्यांतले पुष्कळजण आजच्या तुर्की-सीरिया सीमेवरच्या रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर मेले. १९२२ च्या पुनर्रचनेत ११७ पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पाचवी रॉयल बटालियन झाली. म्हणून त्यानंतरच्या पुस्तकात ‘११७’ शोधून मिळत नाही.

राघोच्या नावापुढे मृत्यूची तारीख जून १९१६ ची आहे. घरच्यांनी यावरून तो कैदेत गेला असं धरलं. इथे थांबावं लागतं. वेढ्यात अडकलेल्या पलटणींसाठी मुंबईहून निघालेली नवी माणसं कुतपर्यंत पोहोचू शकली नाहीत आणि बाहेरच्या कुमकेच्या फौजेत लढली. आजारी आणि जखमीही वेढ्याआधी मागे गेलेले होते. शिवाय कैद्यांच्या बाबतीत, ज्याची बातमीच आली नाही त्याचा मृत्यू नंतर गृहीत धरला गेला, त्यामुळे तारीख कामचलाऊ असू शकते. युद्धरोजनिशी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’वर आहेत, पण त्यांत गोरे अधिकारी नावाने आणि शिपाई आकड्याने येतात. जिनिव्हाच्या रेडक्रॉसच्या पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांच्या याद्या ऑनलाइन आहेत. तिथे नावाचं स्पेलिंग वेगळं असू शकतं आणि ते पान न् पान उलटून शोधावं लागतं. तो शोध या घराने अजून केलेला नाही.

बसरा स्मारक चाळीस हजारांहून अधिक मृतांचं आहे. हिंदी शिपायांची नावं तिथल्या भिंतीवर नाहीत. भिंतीवर पलटणीचं नाव आणि संख्या, नावं वेगळ्या नोंदवहीत. १९९७ मध्ये ते स्मारक मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्याला नेलं गेलं. तेव्हा तिथे जाऊन नावावर बोट ठेवायचा बेत कोणी आखू नये. आपल्या गावात ‘या गावातून इतके लोक लढाईला गेले, त्यांपैकी इतके मेले’ असा संगमरवरी फलक मिळाला तर तोही आकड्याचाच असतो. तरी फोटो काढून ठेवावा, कारण मेलेल्यांचा आकडा आणि आपल्याला सापडलेली नावं ताडून पाहता येतात.

कमिशनच्या नोंदीत गावाचं नाव बरंच बिघडलेलं होतं आणि बायकोचा उल्लेख नव्हता. दुरुस्तीची विनंती त्यांच्या संकेतस्थळावरून पाठवता येते. सोबत फेरफाराची सहीशिक्क्याची नक्कल, लिप्यंतर आणि इंग्रजी भाषांतर, शाळेच्या नोंदीचा उतारा आणि थाळीचा आडव्या उजेडातला फोटो जोडला. पत्रात फक्त गावाचं नाव आणि ‘सखू हिचा पती’ एवढंच मागितलं. मृत्यूची तारीख बदलायची विनंती केली नाही, कारण रेडक्रॉसच्या याद्या पाहून होईपर्यंत तिच्यासाठी दाखवण्यासारखा कागद नाही.